माकडाचा हात न शिरणारी खिडकी

अत्यंत गंभीरपणे, आणि शक्य तितका चेहरा सरळ ठेवून, मी वाचकांच्या निदर्शनास आणू इच्छिते की काशीतल्या घाटांबद्दल, मठांबद्दल आणि मंदिरांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं असलं, तरी ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या लाकडी खिडकीबद्दल आजवर कोणी एक अक्षरही लिहिलेलं नाही. ही उणीव मी आज भरून काढते आहे. ज्यांना आदराने उभं राहायचं असेल, त्यांनी खुशाल राहावं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा कॉलेजात होते. घरात आई, बाबा, मी आणि मोठे काका-काकू. काका रेल्वेत होते, त्यामुळे घरी कमी आणि गाडीवर जास्त. बाबा पाठशाळेत संस्कृत शिकवायचे. आणि काकू सोवळ्यात स्वयंपाक करायची. पहाटे आंघोळ, लाल रेशमी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि मग देवाला नैवेद्य दाखवून होईपर्यंत तिला कोणी शिवायचं नाही आणि तिने कशाला शिवायचं नाही. बैठकीत तर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. तिथे सोफा होता, आणि त्यावर कोण कुठून येऊन बसून गेलंय याचा काय भरवसा?

पण टीव्हीही बैठकीतच होता. आणि काकूला क्रिकेटचं वेड होतं.

वेड म्हणजे साधंसुधं नाही. कणीक मळता मळता ती कर्णधाराला क्षेत्ररचना बदलायला लावायची. तोवर त्या दोन खोल्यांमध्ये भिंत नव्हती, नुसती एक मोठी उघडी चौकट होती. काकू आपल्या बाजूला पाटावर बसायची, पुढ्यात शेगडी, समोर टीव्ही. सोवळंही शाबूत आणि सामनाही. एकदा ऐन माघात आपला शेवटचा गडी धावबाद होतोय असं बघून ती भान विसरून त्याला थांबवायला बैठकीत धावली होती. गडी बाद झालाच, वर काकूला गार पाण्याने पुन्हा आंघोळ करावी लागली. त्या खेळाडूला तिने कधीच माफ केलं नाही.

बाबांचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्याकडे शास्त्री मंडळी यायची, चर्चा करायची. एकदा एक पंडित डोळे मिटून मोक्षाचं लक्षण सांगत होते, तेवढ्यात आतून आवाज आला, "अरे मेल्या, पाय हलव की!"

पंडितांनी दचकून पाय हलवला.

त्या हिवाळ्यात घराची मरम्मत काढली. फरशी उखडली, पोपडे खरवडले, आणि एका रात्री जेवताना बाबांनी ताटाकडे बघत घोषणा केली, "मधली चौकट बंद करायची. भिंत घालू."

दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. तिसऱ्या दिवशी भाजीतही नव्हतं.

"वहिनी, मीठ विसरलात का?" बाबांनी फार जपून विचारलं.

"विसरीन कशी, भाऊजी? मीठ तुमच्या ताटात डाव्या बाजूला वाढलंय. आमटी उजव्या बाजूला आहे. मध्ये भिंत घातली असं समजा."

आईला एवढा ठसका लागला की तिला उठून जावं लागलं. बाबा आणखी थोडे दिवस तग धरून होते, पण फोडणीच्या वरणातही मीठ नाही म्हटल्यावर ते नमले. भिंतीऐवजी लाकडी पडदी घालायची, आणि तिच्यात एक खिडकी ठेवायची, असं ठरलं. "पण शोभेची हवी," ते म्हणाले. "बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की नक्षी आहे. आणि वहिनी, आवाज नाही. मोठे शास्त्रीबुवा त्र्यंबकेश्वराहून यायचे आहेत. त्यांच्यासमोर खिडकीतून एक शब्द जरी आला, तर मी फळ्या ठोकून ती कायमची बंद करीन."

काकूने तोंडावर बोट ठेवून मान हलवली.

मिस्त्री गल्लीतलाच होता. पान तोंडात आणि अभिमान छातीत. माप घेण्याचा सोहळा मी जन्मात विसरणार नाही. काकू पाटावर ताठ बसली. मिस्त्रीने चौकटीपलीकडूनच, तिला न शिवता, लाकडी पट्टी उभी धरली आणि एक डोळा मिटून तिच्या नजरेच्या रेषेत पेन्सिलीची खूण केली.

"माताजी, हिलिए मत।"

"मी नाही हिलत. तुमची पट्टी हिलते आहे."

खिडकी आली तेव्हा आम्ही सगळे अवाक. मिस्त्रीचा मेहुणा लाकडी खेळणी रंगवायचा, त्याच्या हाताखालून ती निघाली होती. लाल, पिवळे, हिरवे चकचकीत खांब, वर महिरप, महिरपीवर समोरासमोर दोन पोपट, मधोमध कमळ. काकू आनंदाने पाटावर बसली, समोर बघितलं, मान डावीकडे केली, उजवीकडे केली आणि ओरडली, "अगं, टीव्ही कुठाय?"

खांब इतके जवळ जवळ होते की मधून जेमतेम बोट जाईल.

"माताजी, बंदर का हाथ भी नहीं घुसेगा!" मिस्त्री म्हणाला.

"अहो, ही घराच्या आतली खिडकी आहे! इथे माकड कुठून येणार?"

मिस्त्रीने बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दया येऊन म्हणाला, "पंडितजी, ई बनारस है।"

जन्मभर त्याने घाटाकडच्या खिडक्या केल्या होत्या. खिडकी म्हणजे माकडाला बाहेर ठेवायची वस्तू, यापलीकडे तिचा काही उपयोग असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. काकूने प्रात्यक्षिक दाखवलं: या फटीतून नुसता पंच दिसतो, त्या फटीतून नुसता यष्टिरक्षक, आणि चेंडू खांबामागे जातो तो येतच नाही. शेवटी मधले खांब काढायचं ठरलं. खांब गेले आणि महिरपीखाली बरोबर मधोमध एक ऐसपैस मोकळी जागा झाली. काकू पाटावर बसली की तिचा चेहरा त्या महिरपीत नेमका मावायचा. जाताना मिस्त्रीने पोपटांना शेंदूर लावला आणि वरून झेंडूची भलीमोठी माळ सोडली. नवं काम आहे, शुभ असतं, म्हणून आईने ती काढू दिली नाही.

आणि शास्त्रीबुवा आले. नेमके सामन्याच्या रविवारी.

सामना तिकडे दूर पूर्वेच्या देशात होता, म्हणून आपल्याकडे ऐन नैवेद्याच्या वेळी शेवटची षटकं आली. बाबांनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायला लावला. चित्र मात्र चालू ठेवू दिलं. मिठाचा धाक अजून गेला नव्हता. स्वयंपाक तयार होता. काकू खिडकीमागे बसली होती, बाजूला समई तेवत होती, आणि ती जराही हलत नव्हती. श्वाससुद्धा बेतानेच घेत असावी. तोंडातून शब्द निघाला तर फळ्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शास्त्रीबुवा काठी टेकत, उन्हातून अंधाऱ्या जिन्याने वर आले. जाड भिंगांचा चष्मा, पांढरीशुभ्र दाढी, हातात केळी. दाराचं कवाड उघडलं आणि टीव्ही त्याच्याआड गेला. त्यांना समोर दिसली ती शेंदूर, झेंडू आणि महिरप, आणि महिरपीत समईच्या उजेडात लाल रेशमातली, मोठ्या कुंकवाची, डोळे विस्फारून बसलेली निश्चल मूर्ती.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. खिडकीपुढे गेले. केळी चौकटीवर ठेवली. हात जोडून देवीचं स्तोत्र सुरू केलं, खणखणीत आवाजात.

ते बरोबर टीव्हीसमोर उभे होते.

बाबांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. एवढ्या थोर माणसाला, बुवा, ही आमची वहिनी आहे, हे सांगायचं कसं? आईने पदर तोंडात कोंबला. मी सोफ्यामागे बसकण मारली. शास्त्रीबुवा स्वतःभोवती प्रदक्षिणा घालू लागले. तेवढ्यात काकूने त्यांच्या बाजूने बघायला मान हळूच डावीकडे झुकवली. मग उजवीकडे.

"हलली!" शास्त्रीबुवा ओरडले. "भगवती हलली!" आणि त्यांनी खिडकीसमोर दोन्ही हात पसरले. आता तर पडद्याचा कोपराही दिसेना.

खिडकीला फळ्या लागल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं वाक्य ऐकल्यावर शास्त्रीबुवा इतके हसले की त्यांना दोघांनी धरून बसवावं लागलं, आणि नंतर त्यांनी आपला पाट स्वतःच टीव्हीच्या दिशेला वळवून घेतला. पण ते नंतरचं. त्या क्षणी खिडकीमागे समईची ज्योत थरथरली, काकूचा उजवा हात आशीर्वादासाठी वर आला, आणि सगळा संयम सुटून ती ओरडली,

"दिला हो आशीर्वाद! आता बाजूला सरका, एका बॉलात चार हवेत!"