दूध उतरवायचा तास

प्रौढांच्या संध्याकाळच्या गणिताच्या वर्गात एक दुधाचे टँकरवाले होते. बाईंचं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं, ते त्यांच्या चुकलेल्या उत्तरामुळे. फळ्यावर गणित होतं: एक गाडी ताशी चाळीस किलोमीटर वेगाने गेली आणि त्याच रस्त्याने ताशी साठच्या वेगाने परत आली, तर सरासरी वेग किती? अकरा जणांनी बेरीज करून निम्मी केली आणि पन्नास लिहून मोकळे झाले. टँकरवाल्यांनी लिहिलं होतं, चाळीस.

"हे कुठून काढलंत?"

"माझ्याच फेरीवरून, बाई. डेअरी एकशेवीस किलोमीटर. भरलेला टँकर, जायला तीन तास. रिकामा येतो दोन तासांत. दूध उतरवायला एक तास. दोनशे चाळीस भागिले सहा."

"पण गणितात उतरवणं कुठंय?"

"न उतरवता परत कसा येऊ, बाई? दुधाला काय फिरायला नेलं होतं?"

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. पण घरी वह्या तपासताना त्यांच्या लक्षात आलं, की अकराही जण वेळ विसरले होते. वेळ धरणारे टँकरवाले एकटेच होते.

वीस वर्षं टँकर चालवून त्यांच्या पाठीची पार वाट लागली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, एवढं वर्ष शेवटचं. कंपनीत फेऱ्यांचं वेळापत्रक लावायची एक जागा होती, पण तिला लेखी परीक्षा, आणि परीक्षेत हीच गणितं. नापास झाले तर घरी बसायचं.

अडलं ते 'क्ष'पाशी. "अंतर माहीत नसताना गाडी काढतं कोण?" ते म्हणत.

"तुमचीच फेरी समजा," बाई म्हणाल्या, "फक्त किती लांब ते मला सांगू नका." जाताना क्ष भागिले चाळीस, येताना क्ष भागिले साठ, मिळून पाच क्ष भागिले एकशेवीस. एकूण अंतर दोन क्ष. भागाकारात वरचा क्ष, खालचा क्ष, दोन्ही उडाले. उरले अठ्ठेचाळीस.

"म्हणजे डेअरी कितीही लांब असू दे, अठ्ठेचाळीसच? आणि माझा तास धरला तर?"

बाईंनी फळ्यावर करून पाहिलं. "तर क्ष उडत नाही."

"बघा!" ते एवढं खूश झाले, जणू क्ष त्यांच्याच बाजूने उभा राहिला होता.

त्यांची बायको एकदा न्यायला आली, तेव्हा म्हणाली, "जेवतानाही क्ष चालू असतं यांचं. आता त्यालाही ताट वाढते."

परीक्षेत तसंच गणित आलं. त्यांनी क्ष धरून बरोबर सोडवलं आणि खाली एक ओळ जोडली: 'माल उतरवायचा वेळ धरलेला नाही.' दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी हे बाईंना सांगितलं.

"अहो, कशाला लिहिलंत?"

"कंपनीच्या वेळापत्रकातही तो कुणी धरत नाही, बाई. वीस वर्षं मी जेवण सोडून तो तास भरून काढला. तिथं गप्प बसवेना."

निकाल लागेपर्यंतचे तीन आठवडे बाईंना त्या ओळीचाच घोर होता. टँकरवाले पास झाले.

आता ते ऑफिसात पाठीला उशी लावून बावीस ड्रायव्हरांचं वेळापत्रक लावतात. प्रत्येक फेरीत दूध उतरवायला एक तास असतो आणि जेवायला अर्धा.