चाकामागचा ठोकळा

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. ह्यांच्यासुद्धा नाही — आणि ह्यांना तर मी, लग्नात माझं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं, हेही सांगून टाकलं होतं! मग एवढंच पोटात का राहिलं? सांगते. मध्ये हसू आलं तर खुशाल हसा. त्या वेळच्या मला हसल्याशिवाय मलाही हे सांगता यायचं नाही.

कशी होते मी? कल्याणची, मराठी चौथी पास, आणि त्या चौथीचा तोरा असा की जणू मामलेदारीणच मानपाड्याला नांदायला आली आहे. तेव्हा मानपाडा म्हणजे भातशेतं, चार घरं आणि आमचं अंगण — अंगणात करवती, कुऱ्हाडी, दोरखंडांची वेटोळी. घरचा धंदा झाडं तोडायचा. कुणाच्या छपरावर चिंच कलली, कुणाच्या माडावर वीज पडली, की मामंजींना बोलावणं. आधी लाकूड बैलगाडीतून जायचं. लढाई संपल्यावर छावणीतल्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक लहानशी घेतली, ह्यांनी तिचं लायसन काढलं. पण लहान गाडीत वडाचा बुंधा मावतो का? म्हणून मग मोठी आली. हिरवी, पुढून दांडा फिरवून सुरू करायची, आणि उंच! ड्रायव्हरच्या शेजारची ती सीट बघून माझा जीव असा खालीवर व्हायचा... दुसऱ्या बायकांचा सोन्याच्या पाटल्या बघून होतो ना, तसा. पण सुनेला कोण बसवतंय पुढे?

आता तात्यांबद्दल सांगायला हवं — आणि इथेच माझी गाडी अडते.

तात्या म्हणजे मामंजींचे धाकटे भाऊ, माझे चुलत सासरे. माडावरून पडून त्यांचा पाय अधू झाला आणि चढणं कायमचं सुटलं. झाडं तोडणाऱ्या घरात चढता न येणाऱ्या माणसानं करायचं काय? तात्यांनी स्वतःला एक काम शोधून काढलं. आमच्या गाडीचा हातब्रेक नावालाच. गाडी उभी राहिली की तात्या मागून लंगडत उतरायचे, स्वतः तासलेला बाभळीचा ठोकळा मागच्या चाकाखाली सारायचे, वर एक लाथ घालायचे आणि ओरडायचे — "लागलाऽ!" ती आरोळी ऐकल्याशिवाय कुणी खाली पाय ठेवायचा नाही. मामंजीसुद्धा नाही. गाडीवरचं तेवढं एक राज्य तात्यांचं होतं.

मोठ्या गाडीचं लायसन वेगळं. त्याची परीक्षा ठाण्याला. मामंजी, तात्या आणि हे निघाले. मी हट्टानं बरोबर गेले — "डबा कोण सांभाळणार?" असं म्हणून. डब्याला काय मेलं सांभाळायचं असतं! मागे फळीवर दोरखंडांत बसून गेले, धुळीनं भुवया पांढऱ्या.

परीक्षा झकास झाली. ह्यांनी उतारावर गाडी थांबवून पुन्हा चढवून दाखवली, साहेब खूश. गाडी तिथेच उतारावर उभी केली, तात्यांनी "लागलाऽ!" दिली, आणि सगळे कचेरीच्या ओसरीवर कागदावर सही घ्यायला गेले. साहेबांची सायकल खाली चिंचेला टेकलेली. गाडीपाशी उरले मी आणि ती रिकामी सीट.

तुम्ही काय केलं असतं? — नको, ते विचारत नाही.

मी चढायला गेले. पायरी माझ्या कमरेला, अंगावर नऊवारी. एकदा चढले, घसरले. दुसऱ्यांदा चढले, पदर दाराच्या कडीत. पायाखाली काहीतरी हवं होतं. इकडेतिकडे बघितलं — आणि दिसला ठोकळा. छान चौकोनी, टणक, मला हवा तेवढाच उंच.

हो. मीच काढला. दोन्ही हातांनी हिसके देऊन, दात-ओठ खाऊन. चौथी पास होते, पण तो तिथे कशाला ठेवलाय, एवढं काही डोक्यात आलं नाही! दाराखाली ठेवला, वर चढले, राणीसारखी बसले आणि ड्रायव्हरच्या बाजूला हात लांबवून भोंग्याचा फुगा दाबला. पॉंऽऽ! ती भोंग्याला दचकली की काय, कोण जाणे — गाडी हलली.

मी अशी उडी मारली, की ती बघायला कुणी नव्हतं याचं मला अजून वाईट वाटतं. आणि उडी मारल्याबरोबर बोंब ठोकली — "गाडी गेलीऽऽ!" गाडी सावकाश, दिमाखात मागे गेली आणि साहेबांची सायकल चिंचेशी चेपून थांबली. जन्मभर झाडं पाडणाऱ्या माणसांची गाडी शेवटी एका झाडानंच अडवली. सायकलचा मात्र पापड.

साहेबांच्या हातात टाक तसाच राहिला. म्हणाले, "आधी ब्रेक दुरुस्त करून आणा. आणि माणूसही."

सगळ्यांनी बघितलं: ठोकळा वर चढावरच पडलेला, चाकापासून लांब. मामंजी तात्यांवर कडाडले, "नुसताच ओरडलास होय रे? लावलाच नाहीस!"

"लावलेला ना दादा..." तात्या म्हणाले. मग ठोकळ्याकडे बघत राहिले. "वरडलो म्हंजे लावला असंल ना?" आणि मग, अगदी हळू — "का नाय लावला?"

मी तिथेच होते. तीन हातांवर. तोंड उघडायचं होतं फक्त. तेवढ्यात मामंजी म्हणाले, "सूनबाईनं आरडा केला म्हणून बरं, नाहीतर कुणी चिरडलं गेलं असतं." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. आणि मी — पदर सारखा केला.

ब्रेक नवा झाला, महिन्याभरात ह्यांना लायसनही मिळालं. पण मामंजींनी तात्यांना गाडीवर घ्यायचं बंद केलं. ते अंगणात करवतीला धार काढत बसायचे आणि गाडी निघाली की मान वर करायचे नाहीत. ते काही मला बघवेना. म्हणून मी खरं सांगितलं? छे! मी शहाणपणा केला. मामंजींना म्हटलं, "तात्यांना न्या. ठोकळा ते लावतील, मी नीट बघत जाईन."

कसं वाटलं? तपासनीस म्हणून मला पुढे बसवायला लागले. हे चाकावर, मामंजी मधे, मी खिडकीशी!

काय वर्षं होती ती! खडवलीच्या आमराया, कल्याणची खाडी, केसांत वारा, मांडीवर भाकरीचं फडकं. हे गाडी हाणताना गायचे, बेसूर. इतकं सुख मला पुढे घर बांधलं तेव्हाही झालं नाही. आणि प्रत्येक थांब्यावर तात्या ठोकळा सारायचे, दोनदा लाथ घालायचे, तरी ओरडायचे नाहीत. आधी मला हाक मारायचे, "सूनबाय, बघ गो. लागला का?"

मी वाकून बघायचे. "लागला, तात्या."

मगच ते ओरडायचे.

शेवटच्या आजारपणात खाटेवरूनही विचारायचे, "लागला का गो?" मी म्हणायचे, "लागला." आजच्या ठोकळ्याचं सांगायचे, त्या दिवशीच्या ठोकळ्याचं नाही. ते गेले तेव्हा मी शेजारीच बसले होते, आणि तेव्हाही नाही.

तात्या, ठाण्याला त्या दिवशी ठोकळा लागला होता. तुम्ही नीट लावला होतात. काढताना माझ्या दोन बांगड्या फुटल्या, इतका घट्ट.