एका फ्यूजवर चार संसार

चष्मेवाल्या काकांना दूरचं झकास दिसायचं, पायाखालचं मात्र नाही, असं ते स्वतःच सांगत. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे आणि संध्याकाळी मागच्या खोलीत हौशी रेडिओवर दूरदेशीच्या मित्रांशी गप्पा मारायच्या, हा त्यांचा जुना नेम.

साठी ओलांडल्यावर काकांना ऐट सुचली. रेडिओ, अँप्लिफायर, पंखा आणि टेबलावरचा दिवा, सगळं एका बटणावर चालायला हवं. त्यांनी टेबलाखाली एक डबा ठोकला. वर बटण दाबलं, की डब्यातले चार रिले, म्हणजे विजेनेच उघडमीट होणारी छोटी बटणं, टक्‌टक्‌ करत ज्याची त्याची वीज जोडून देत. फ्यूज मात्र सगळ्यांत मिळून एकच, चांगला तीस अँपिअरचा.

"दिव्याची वायर फार बारीक वाटते," काकू म्हणाल्या.

"फ्यूज आहे ना. उगीच बसवलाय का?"

रविवारी रेडिओ क्लबातले मित्र डबा बघायला आले. काकांनी बटण दाबलं आणि कौतुक ऐकायला खुर्ची रुबाबात मागे सरकवली. खुर्चीचा पाय नेमका दिव्याच्या वायरवर पडला. वायर चेपून शॉर्ट झाली, तापली, धूर सोडू लागली. फ्यूज रुसलेल्या जावयासारखा ढिम्म. वायर जाळायला पुरेल एवढी वीज त्याच्या खिजगणतीतही नव्हती. काकांनी बटण बंद केलं. तीन रिले सुटले. दिव्याच्या रिलेचे पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले होते. काका आपले बटण दाबतायत, दाबतायत. शेवटी काकूंनी पुढे होऊन भिंतीतला प्लग उपटला.

"डबा छान आहे," एक मित्र खोकत म्हणाला. "पण खरं बटण वहिनींच्या हातात दिसतंय."

काकांचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवस ते टेबलाकडे फिरकले नाहीत. मग मुकाट्याने बसून त्यांनी प्रत्येक वायरला, वीज जिथून निघते तिथेच, तिच्या जाडीला झेपेल असा वेगळा फ्यूज लावला. आणि हा सगळा पराक्रम रेडिओवर जो भेटेल त्याला सांगितला. "वायर दोन अँपिअरची आणि माज तीसचा," असं म्हणून स्वतःच हसायचे.

पुढे एका दुपारी रेडिओवर बोलता बोलता पंख्याची मोटर अडकली. त्याचा छोटा फ्यूज उडाला, पंखा थांबला. रेडिओ, दिवा, सगळं चालूच. काकू नवा फ्यूज घेऊन आल्या.

"बदलता ना?"

"थांब जरा," घामाघूम काका खुशीत म्हणाले. "आधी सगळ्यांना सांगून घेतो."