दौंडच्या बाजूचं बोलणं

कुरकुंभच्या कंपनीत लागल्यावर मला जवळचा असा एकच मित्र मिळाला, आणि तो विरोधी पार्टीतला निघाला. मी भांडगावचा, म्हणजे दौंड तालुक्यातला. तो भीमेच्या पलीकडचा, वडगाव रासाईचा, म्हणजे शिरूरवाला. कंपनीची बस मला गावच्या फाट्यावर घ्यायची. तो पुढं चौफुल्याला मोटरसायकल लावून चढायचा. त्याची जागा मी धरून ठेवलेली असायची. बसल्या बसल्या तो सुरू करायचा, आणि विषय ठरलेला. फुटबॉल.

दौंड रेल्वेचं गाव. तिथल्या कॉलनीत फुटबॉल जुना आहे. कॉलनीतल्या पोरांची पिवळ्या जर्सीची टीम, ती आमची. शिरूरची लाल टीम त्या मानानं नवी, एका शाळेतल्या खेळाच्या सरांनी उभी केलेली. हिवाळ्यात दौंडला मैदानावर स्पर्धा भरायच्या. टीम बऱ्याच यायच्या, पण आमच्या दोघांच्या लेखी टीम दोनच.

"तुमचा कीपर चांगला हाय, न्हाई म्हणत न्हाई," तो म्हणायचा. "पण मागं डिफेन्सला माणूस हाय का एक तरी? कॉर्नर आला की समदे आभाळाकडं बघत्यात."

"आणि तुमचा दहा नंबर? दुसऱ्या हाफला गुडघा धरून बसतो."

"बसंना. फायनलला आमीच जाणार."

"कशाच्या जोरावर?"

मग पाटस येईपर्यंत तो सांगत राहायचा, कशाच्या जोरावर. सुट्टीच्या दिवशीही चैन पडायची नाही. संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि हॅलो वगैरे काही न म्हणता तो विचारायचा, "काय म्हणतंय तुमचं लंगडं घोडं?" आमच्या टीमला त्यानं हे नाव ठेवलं होतं. इतकी वर्षं बोललो, पण मी कधी त्याच्या घरी गेलो नव्हतो. आमची मैत्री बसमधली आणि फोनवरची.

गेल्या हिवाळ्यात स्पर्धेचे पहिले सामने चालू असताना तो गेला. सकाळी उसाला पाणी द्यायला गेला होता. दम लागला म्हणून बांधावर बसला, तो पुन्हा उठला नाही. आधी कसली तक्रार नव्हती.

दहाव्याला मी वडगाव रासाईला गेलो, तो पहिल्यांदा. नदीकाठी माणसं जमली होती. त्याचे वडील, ज्यांना गावात सगळे आबा म्हणतात, केस उतरवून खाली मान घालून बसले होते. पूर्वी मेंढरं घेऊन मुलूखभर फिरलेला माणूस, पोरगा शाळेत जायला लागल्यावर मेंढरं विकून जमिनीला चिकटलेला. मी त्यांच्या पायाशी बसलो, पाया पडलो. ते एक शब्द बोलले नाहीत.

बसमध्ये त्याच्या जागेवर बरेच दिवस कोणी बसलं नाही. एकदा बिहारकडचा एक नवीन ऑपरेटर चढला. त्यानं विचारलं, "भैया, यहाँ कोई आनेवाला है?" मी "हाँ" म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं. तो बिचारा मागं जाऊन उभा राहिला. चौफुला आला आणि बस थांबली. दार उघडलं, दोघं-तिघं चढले, दार लागलं. मी कुरकुंभपर्यंत त्या रिकाम्या जागेशेजारी बसून राहिलो. उभ्या माणसाला बोलवायचं धाडस झालं नाही.

इकडं सामने चालूच होते. लाल टीम सेमीला जिंकली. तो म्हणाला होता तशी फायनलला गेली. आमची पिवळी आधीच गेली होती. म्हणजे शिरूर आणि दौंड. इतकी वर्षं आम्ही दोघं ज्या फायनलची वाट बघत होतो, तीच.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर पाण्याची टाकी भरली का ते बघत होतो. फोन वाजला. स्क्रीनवर त्याचं नाव.

मी फोन कानाला लावला.

"काय म्हणतंय तुमचं लंगडं घोडं?"

आवाज त्याचाच. तसाच जाड, शेवटच्या शब्दाला खाली बसणारा. मी टाकीला पाठ लावून धपकन खाली बसलो. खालून बायको विचारत होती, काय पडलं.

"हॅलो," तोच आवाज म्हणाला. "ऐकू येतंय न्हवं? मी आबा बोलतोय, वडगाववरनं. त्याचा बाप."

मी कसाबसा म्हणालो, "आबा, बोला."

"भ्यालास व्हय? असं बोलणं कसं सुरू करत्यात मला ठावं न्हाई. त्यो असाच करायचा, म्हणून तसं म्हणलं. जमलं तर घरी ये."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी वडगावला गेलो. आबांनी मला ओट्यावर बसवलं. चहा आला. मित्राची बायको कप ठेवून आत गेली, पण दाराआड उभी होती, हे मला कळत होतं.

आबा म्हणाले, "त्यो फोनवर बोलायचा तवा हितंच येरझाऱ्या घालायचा. मी बाजंवर पडून ऐकायचो. डिफेन्स म्हंजी काय, कॉर्नर म्हंजी काय, मला ठावं न्हाई. पण त्याचं समदं पाठ हाय. तुझं मातर कवा ऐकू आलं न्हाई. त्यो हसायचा तवा तू काय म्हणला आसशील, ह्येचा मी इचार करायचो."

"आबा, आमचं काही विशेष नसायचं. चेष्टा चालायची."

"तीच सांग."

मग आबांनी त्याची वाक्यं म्हणायला सुरुवात केली. अडखळत नाही, विचार करत नाही. "कीपर चांगला हाय, पण डिफेन्सला माणूस हाय का?" असं म्हणून ते थांबायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी माझी बाजू सांगायचो. दहा नंबरचा गुडघा. लाल टीमचा पळपुटा लेफ्ट बॅक. भर दुपारची वेळ, समोर ऊस हलत होता, आणि माझ्या मित्राच्या आवाजात माझ्याशी कोणीतरी भांडत होतं. अंगावर काटा येत होता आणि उठावंसंही वाटत नव्हतं. एका जागी मी म्हणालो, "तुमचा सेंटर फॉरवर्ड गोल मारतो, पण कुठल्या बाजूला ते त्याला माहीत नसतं." आबा हसले. तो या वाक्याला हसायचा तेवढंच, तसंच. दाराआड बांगड्या वाजल्या आणि पावलं आत गेली.

फायनलला मी आबांना मोटरसायकलवर दौंडला घेऊन गेलो. आम्ही गोलच्या मागच्या बाजूला उभे राहिलो. आबांची नजर बॉलवर नव्हतीच. ते माणसं बघत होते. लाल टीशर्टवाल्या पोरांच्या घोळक्यात पुन्हा पुन्हा बघत होते. मीही तिकडं बघायचं टाळत होतो आणि बघत होतो.

पहिल्या हाफला शिरूरनं गोल केला. आबांना कळलं ते शेजारच्यांच्या ओरडण्यानं. मग त्यांनी तोंडाजवळ हात नेऊन हाळी दिली, माळावर लांब गेलेल्या माणसाला द्यावी तशी. मैदानाच्या पलीकडची माणसं वळून बघायला लागली. त्या हाळीत आबा कुठं संपत होते आणि तो कुठं सुरू होत होता, मला सांगता आलं नसतं. आबाही हाळी देऊन थोडा वेळ कान लावून उभे राहिले.

दुसऱ्या हाफला आमच्या पोरांनी दोन गोल मारले. दौंड जिंकलं. मी गप्प उभा होतो.

"तुमी जिंकला न्हवं?" आबांनी विचारलं.

"हो."

"मग वरड की. त्यो आसता तर तू गप बसला आसतास का?"

मी तोंडाजवळ हात नेले आणि पुन्हा खाली घेतले. येताना पारगावच्या पुलावर आबांनी गाडी थांबवायला लावली. खाली पाणी संथ होतं. ते कठड्याला टेकून पाण्याकडं बघत राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून "चल" म्हणाले.

यंदा स्पर्धा जवळ आल्यात. मी सुट्टीला वडगावला जातो. आबांना आता खेळ कळायला लागलाय. पोरांच्या मोबाइलवर ते सामने बघतात. परवा ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "यंदा शिरूरचं काय खरं न्हाई. दहा नंबर गेला, नवा पोरगा कच्चा हाय. सेमीलाच भाईर पडत्यात."

त्या आवाजात हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. तो मेला असता तरी असं म्हणाला नसता, असं माझ्या मनात आलं आणि मीच चरकलो. काय झालं ठाऊक नाही, मी पुढं सरसावलो. म्हणालो, "कच्चा आसंना आबा, पळतोय किती बघा की. कीपर सुधारलाय. फायनलला आमीच जाणार."

'आमीच' हा शब्द तोंडातून गेल्यावर मी थबकलो. आबा डोळे मिटून ऐकत होते.

"थांबू नगंस," ते म्हणाले. "कशाच्या जोरावर, त्ये सांग."