तलाव कुणाचा?

बेंगळुरूला निघाले त्या सकाळी आबा मला कडा गावच्या एसटी स्टँडवर सोडायला आले होते. एप्रिल महिना, सगळं रान करपलेलं. वाटेत ते आमच्या तलावाशी थांबले. भिंतीच्या पायथ्याला आमची मेंढरं घोळक्यानं चरत होती. तेवढंच गवत हिरवंगार.

"उन्हाळ्यात हितंच काहून हिरवं?" आबा म्हणाले. "पानी भिंतीतून झिरपतंय, पोरी. भिंत आतून पोकळ व्हाय लागलीय."

माझ्या डोक्यात नवी नोकरी होती. मी नुसती मान हलवली आणि एसटीत बसले.

पुढचं तुम्हा गावात राहिलेल्यांना ठाऊक आहे. माझ्यासारखे जे पुण्याला, हैदराबादला, इकडे निघून आले, त्यांच्यासाठी लिहिते.

आबा आधी ग्रामसेवकाकडे गेले. "तलाव गावात हाय, पन गावाचा न्हाई," तो म्हणाला. जिल्ह्याच्या कचेरीत कळलं, हा तलाव राज्याकडे वर्ग झालाय. राज्याच्या साहेबांनी नकाशा दाखवला: पायथ्याचा मुरूम महामार्गासाठी उचलला गेला, महामार्ग केंद्राचा, तिकडे विचारा. खोटं कुणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाचा कागद बरोबर होता आणि भिंत झिरपत होती.

मग मी इथून, लंच ब्रेकमध्ये, दिल्लीच्या पोर्टलवर तक्रार टाकली. ती दिल्लीहून मुंबईला गेली, मुंबईहून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला. एक दिवस ग्रामसेवकानं आबांना बोलावलं. "आबा, तुमचाच अर्ज माझ्याकडं चौकशीला आलाय." त्यानं बिचाऱ्यानं खरं तेच लिहिलं: विषय ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत नाही. माझ्या मोबाइलवर मेसेज आला, तक्रार निकाली. शाळेत केंद्र सूची, राज्य सूची, समवर्ती सूची मी घडाघडा म्हणायचे. भिंतीतून झिरपणारं पाणी कुठल्या सूचीत बसतं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा भिंतीखाली गेले. झिरपणारं पाणी गढूळ झालं होतं. म्हणजे पाण्याबरोबर आतली माती येत होती. ते तसेच खालच्या वस्तीवर धावले. अकरा घरं. त्यात आमचंही.

चुलतभाऊ सोपान दारातच बसला होता. "वरून ऑर्डर आलीय का, आबा?"

"ऑर्डर पान्याच्या मागून येईल. ऊठ बे!"

लोक उठले. म्हातारीकोतारी पाठीवर घेऊन, मेंढरं हाकत माळावर चढले. आई सांगते, चार वाजता भिंत गेली तेव्हा आवाज लई मोठा न्हवता, कुणीतरी खोल श्वास सोडावा तसा. वस्तीच्या जागी नुसता लाल चिखल राहिला. माणूस एकही गेला नाही.

पाहणीला तीन खात्यांच्या तीन गाड्या आल्या. उतरल्यावर पहिला प्रश्न तिघांचाही एकच होता: तलाव कुणाचा?

आईआबा अजून माळावर पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. ओढ्याच्या वरच्या अंगाला आणखी एक तलाव आहे. आबा रोज सकाळी तिकडे जाऊन येतात आणि काय दिसलं ते मला फोनवर सांगत नाहीत. मी म्हटलं, इकडे या. ते म्हणाले, "न्हाई. हितं मी हाक मारली तर लोक उठत्यात."

अकरा वर्षं मी इथं राहते. आधार इथला, रेशन इथं मिळतं, मुलगी कानडीत भांडते. मला वाटायचं एवढं झालं की घर झालं. गेल्या आठवड्यात पाऊस पडला आणि आमच्या अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. खांबाला बोट जाईल एवढी भेग पडली. ग्रुपवर वाद सुरू झाला: ड्रेन महापालिकेचं, बिल्डरचं, की मेट्रोवाल्यांनी फोडलेलं? पंचाऐंशी मेसेज. मी वाचत बसले आणि एकदम लक्षात आलं, तळमजल्यावर कोण राहतं हेच मला माहीत नाही.

खाली जाऊन बेल वाजवली. एका आजींनी दार उघडलं. पाण्याला कानडीत काय म्हणतात तेवढं येत होतं, मी म्हणाले, "नीरु, अज्जी, नीरु," आणि जिन्याखाली बेसमेंटकडे बोट दाखवून बाहेर चला अशी खूण केली.  त्यांनी आत वळून नवऱ्याला हाक मारली आणि पायात चपला सरकवल्या.