रत्नाताईंनी उघडवलेलं दार

रत्नाताई ढोले यांची आणि माझी पहिली भेट वर्ध्याच्या अग्निशमन केंद्राच्या अंगणात झाली. मी रुजू व्हायला आले होते. त्या बंबाभोवती येरझारा घालत होत्या.

"काऊन आली इथं?"

"नोकरी पाह्यजे होती."

"खरं बोलली. चाल, पाइप उचल."

त्या आमच्या केंद्रातल्या पहिल्या महिला जवान. सुरुवातीला त्यांना फोनजवळच बसवत. पण भोंगा वाजला, की फोन दुसऱ्याच्या हाती देऊन त्या बंबावर चढत.

बोरगाव मेघेतली ती आग मला विसरता येत नाही. स्वयंपाकघरात सिलिंडर पेटला होता आणि मागच्या खोलीत बाळंतीण लेकरासह अडकली होती. नुकतीच शेक घेऊन निजलेली, अंगावर धड कपडा नाही. पुरुषांचे आवाज ऐकून तिने आतून कडी घातलेली. जवान दार ठोठावत होते. ती रडत "येऊ नका" एवढंच म्हणत होती. ताईंनी सगळ्यांना मागे सारलं.

"पोरी, मी बाई आहो. कडी काढ. तुले झाकून नेतो."

कडी निघाली. ताईंनी आपला कोट तिच्यावर टाकला, लेकरू माझ्याकडे दिलं. आम्ही ओसरीवर पोचलो आणि मागे छत कोसळलं. तापलेल्या चौकटीला लागून माझा हात मात्र भाजला.

"बाई असूनही केवढं धाडस!" जमलेल्यांतलं कोणी म्हणालं, तशा ताई उसळल्या. "बाई होती म्हणून तिनं दार उघडलं, भाऊ! अजून पोरी भरती करा म्हणा."

माझा हात बरा होईपर्यंत त्या रोज घरी येऊन माझी वेणी घालत. "सरळ बस, मले सेलूची बस पकडाची आहे," असं म्हणत केस ओढत. एक दिवस मात्र त्यांचे हात मध्येच थांबले.

"तिनं कडी नसती काढली तर, वो?"

मग त्यांनी वेणी पुरी केली आणि बस पकडायला निघाल्या.

आज ताई साठी गाठत आहेत. निवृत्तीनंतरही त्यांना स्वस्थता नाही. सेलूच्या मैदानावर शिट्टी वाजवत मुलींकडून भरतीसाठी धावण्याचा सराव करून घेतात. आमच्या पाळीत मी एकटीच बाई आहे. भोंगा वाजला, की मनात येतं, आज दारामागे कोण असेल?

ताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे शाबूत राहोत, शिट्टीत दम राहो. आणि त्या मैदानावरची एक तरी पोरगी लवकर बंबावर माझ्या शेजारी येऊन बसो.