टोपलीत टाकलेली चप्पल

भागीरथाबाईचं निम्मं आयुष्य जमिनीवर बसून गेलं, आणि जमिनीवर बसणाऱ्याला माणसं पायांकडून दिसतात. नागपूरच्या संत्रा मार्केटात ती तीस वर्षं संत्री छाटत, म्हणजे निवडून वेगळी करत होती. काटोलच्या गाड्या रिकाम्या झाल्या की ढिगापाशी मांडी घालायची. पहिला नंबर इकडे, दुसरा तिकडे, खराब माल मागच्या टोपलीत. हात चालू, तोंडही चालू. कोण आलं ते मान वर न करता सांगायची.

त्या टोपलीचा एक कायदा होता. बाईनं टाकलेलं फळ दुसऱ्या कुणी उचलायचं नाही, मालकानंसुद्धा. एका नव्या व्यापाऱ्यानं उचललं, तर बाई काम सोडून दुपारपर्यंत तंबाखू मळत बसली. पुन्हा कुणाची छाती झाली नाही.

मालक म्हणजे चंपतराव, अडत्या. माणूस दिलदार, पण स्वतःवर भारी खूश. गादीवर उजवा पाय पुढं टाकून बसायचा, आणि तो उघडा तळवा नेमका बाईच्या नाकासमोर. पंच्याऐंशीच्या दिवाळीत, आंबिया बहाराची संत्री येत होती तेव्हा, टाचेजवळ एक काळा तीळ दिसू लागला. चंपतराव हरखला. जोशीबुवा म्हणाले होते, तळपायाला तीळ म्हणजे परदेश नक्की! झालं. पठ्ठ्यानं चाकांची सुटकेस आणली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला पाय दाखवत सुटला. "मोठा होऊन राह्यला गा! आता लंडन का अमेरिका, तेवढंच पाहायचं!"

बाई हसायची, पण डोळा तिथंच. फाल्गुनात मृग बहाराची संत्री आली, तोवर मसुराएवढा तीळ चवलीच्या नाण्याएवढा झाला होता. कड एकीकडं फाकलेली, रंग कुठं काळा, कुठं करडा. तिनं ओलं फडकं पुढं केलं.

"मालक, पाय पुसा बरं."

"काहून वं?"

"कोळशी असन तं निघन."

कोळशी म्हणजे संत्र्यावर चढणारा काळा थर. पुसला की खालचं फळ चांगलं निघतं. चंपतरावानं हसत हसत खसाखसा पुसलं. काही निघालं नाही. बाईनं फडकं परत घेतलं.

"पुसून जात नाही अन् कडेनं पसरते, तो डाग मी ढिगात ठेवत नाही. डाक्टरले दाखवा."

"अवं, दुखत नाही, खाजत नाही! नशिबाचा तीळ कापून फेकू?"

"संत्रं तरी दुखते म्हणून सांगते का?"

आठ दिवस ती सांगत राहिली, आठ दिवस तो हसण्यावारी नेत राहिला. नवव्या दिवशी बाईचं डोकं फिरलं. चंपतराव गादीवर चढला, तशी त्याची उजवी चप्पल तिनं उचलली आणि अख्ख्या मार्केटासमोर खराब मालाच्या टोपलीत टाकली.

एकच हशा! चंपतराव लालबुंद. त्यानं हात पुढं केला, आणि टोपलीपाशी थांबला. तीस वर्षं पाळलेला कायदा आज कोणत्या तोंडानं मोडणार?

"नवी घेईन मी!"

"घ्या. तेही टाकीन."

दिवसभर हमाल विचारत होते, "मालक, एकच पाय परदेशी गेला का गा?" शेवटी वैतागून तो एका पायात चप्पल घालून सायकलरिक्षात बसला आणि धंतोलीला गेला, कातडीच्या डॉक्टरांकडे.

डॉक्टर मधुसूदन देवतळ्यांनी तळवा पाहिला आणि त्यांचं हसू मावळलं. तपासणीत कर्करोग निघाला, पण अजून वरवरच होता. त्यांनी तेवढा भाग काढला, मांडीची कातडी तिथं लावली. "आणखी सहा महिने थांबला असता, तर पाय कापूनही भागलं नसतं," म्हणाले.

इकडं बाई रोज टोपली रिकामी करायची आणि चप्पल पुन्हा तीत ठेवायची. तिला भीती वाटत होती, आणि एरवी दिवसभर बडबडणारी ती हे मात्र कुणाला बोलली नाही.

दोन महिन्यांनी चंपतराव काठी टेकत आला. सोबत डॉक्टरही. त्यांना ही बाई बघायचीच होती.

"बाई, तुम्हाला कळलं कसं?"

"लाखानं फळं पाह्यली, साहेब. डोयाले आपोआप समजते."

डॉक्टर म्हणाले, "परदेशात कॉम्प्युटरला हेच शिकवायच्या खटपटीत आहेत. डागांचे हजारो फोटो दाखवायचे. एक दिवस यंत्रच सांगेल, हा तीळ बरा, हा वाईट."

"शिकवा ना, चांगलंच हाये! पण त्याच्याम्होरं पाय आणन कोण? आमचे मालक तं चप्पल टाकल्याबिगर हालले नाहीत."

सगळे हसले. बाईनं टोपलीतून चप्पल काढली, पदरानं पुसली आणि मालकापुढं ठेवली. चंपतरावानं ती घातली, पण गादीवर चढला नाही. काठीचा आधार घेत, कण्हत कुथत, तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"भागीरथे, पाय दाखव."

"अगं बया! काहून?"

"तीस वर्षं तू साऱ्या मार्केटाचे पाय पाह्यले. तुहे कोणी पाह्यले?"

लुगडं सावरून बाईनं लाजत दोन्ही भेगाळलेले तळवे पुढं केले. चंपतरावानं चष्मा चढवला, वाकून निरखलं. एका अंगठ्याखाली काळं दिसलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं ओलं फडकं ओढून घासलं. निघालं.

"कोळशी!" तो ओरडला. "माल पयल्या नंबरचा!"

बाईनं पदर डोळ्यांना लावला आणि दुसऱ्या हातानं संत्री छाटायला सुरुवात केली.